तिसऱ्या पायरीचं गाणं

माझी थोरली बहीण आर्डिथ ही या देशातली सगळ्यात निष्ठुर बाई आहे असं रेडिओ चाळीस वर्षं सांगत आला, आणि तिने एकदाही त्याला खोटं पाडलं नाही. उलट त्याच जोरावर तिने गावात भाव खाल्ला.

गाणं तुम्ही ऐकलं असेलच, 'तिसऱ्या पायरीवर'. टेनेसीत कुठल्याही पेट्रोल पंपावर उभे राहा, टाकी भरेपर्यंत एकदा तरी लागतं. एक पोरगा दर रविवारी एका मुलीच्या घरी येतो, ओसरीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढतो आणि थांबतो. ती दारात उभी असते, पण "वर ये, बस" एवढं काही तिच्या तोंडून निघत नाही. संपलं गाणं. तीन कडवी आणि मधे ती रडकी स्टील गिटार. आमच्या डोंगरात पोरगा पसंत असला की मुलगी त्याला ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसवते, नसला की पायऱ्यांवर ताटकळत ठेवते. त्यामुळे इथे लहान पोरालासुद्धा या गाण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

गायलं वेंडल रॅटलिफने. रेकॉर्डवर लिहिणारा म्हणूनही त्याचंच नाव. हा वेंडल शेजारच्या खोऱ्यातला. नॅशव्हिलला जाऊन मोठा माणूस होण्याआधी आमच्या क्रॅबट्री गावच्या शाळेत डब्यांच्या लिलावाला गिटार वाजवायला आला होता. मुलींनी रंगीत कागदात बांधलेले जेवणाचे डबे लिलावात मांडायचे, आणि ज्याने डबा घेतला त्याने त्या मुलीबरोबर बसून तो खायचा, अशी पद्धत. वेंडलने आर्डिथचा डबा घेतला, कोंबडीच्या दोन तंगड्या खाल्ल्या, तिला घरापर्यंत सोडलं आणि पायऱ्यांशी घुटमळला. आर्डिथने त्याला वर बोलावलं नाही. पुढच्या वर्षी रेडिओवर हे गाणं लागलं. मग अख्ख्या गावाने दोन अधिक दोन चार केले आणि सगळ्यात आधी आर्डिथने केले.

होबार्टही त्या काळात यायचा. दर रविवारी. पण होबार्टला धरतंय कोण? होबार्ट म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरूनच जन्माला आलेला माणूस. यायचा, टोपी काढायचा, उभा राहायचा, हवापाण्याचं एखादं वाक्य टाकायचा आणि जायचा. आमचे बाबा वारले, त्यानंतरच्या वसंतात आर्डिथने त्याला झोपाळ्यावर बसवलं आणि दोघांचं लग्न झालं. आम्ही सगळे म्हणालो, बाई, राजहंस उडाला, आता हा बगळा तरी पदरात पडला.

लग्नानंतर दोघं आमच्याच घरात राहिली. दिवाणखान्यात वेंडलचा सहीवाला फोटो लागला. मग लोक यायला लागले. ओहायोतून, टेक्सासहून, एकदा तर जपानमधून दोघं. तिसऱ्या पायरीवर उभं राहून फोटो काढायचे आणि आर्डिथचं लक्ष नसलं की खिशातल्या चाकूने पायरीची एक ढलपी काढून न्यायचे. आर्डिथ लिपस्टिक लावून वर खुर्चीत बसायची आणि आल्यागेल्याला म्हणायची, "तिथवरच हं! त्याच्या वर मी कोणाला येऊ देत नाही." लोक खूश. होबार्ट दर वसंतात ओकची नवी फळी आणून ती पायरी बदलायचा, रंधा मारायचा, वाळू-कागदाने घासायचा. एका वर्षी इंडियानाच्या एका जोडप्याने अख्खी फळीच उचकटून नेली, तेव्हासुद्धा होबार्ट "हं" म्हणाला आणि सुतारशाळेत निघून गेला.

मी त्याला विचारलं होतं, "होबार्ट, दुसऱ्या पुरुषाने तुझ्या बायकोवर गाणं केलं, आणि त्याची पायरी तू घासतोस? तुला काहीच कसं वाटत नाही?"

"पाय अडकून कोणी पडायला नको," तो म्हणाला.

असा माणूस.

आता नोव्हेला टॅकेट. वेंडलने एकदा तिचाही डबा घेतला होता, तोही आमच्या नंतर आणि दुसऱ्या शाळेत. तेवढ्या भांडवलावर ही बाई सांगत सुटली की गाणं तिच्यावर आहे. तिच्या घराला पायऱ्या होत्या दोन. तिने गवंडी बोलावला आणि खाली सिमेंटची तिसरी ओतून घेतली. वर तिच्यावर रंगाने लिहिलं, 'हीच ती पायरी'. आर्डिथ आणि ती एकाच चर्चमध्ये, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायच्या, आणि प्रार्थनेत शत्रूला क्षमा करायची ओळ आली की दोघीही खोकायच्या.

हसू नका. आर्डिथजवळ दुसरं होतं काय? मूलबाळ झालं नाही. सगळं आयुष्य मोज्यांच्या गिरणीत टाचा शिवण्यात गेलं. एका माणसाचं काळीज आपल्यापायी तुटलं आणि त्याचा आवाज अख्ख्या देशाने ऐकला, एवढी एकच गोष्ट तिची होती. ती गेली तर बाईजवळ फक्त टाचा उरल्या असत्या.

आणि ती जायची वेळ आली. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, इतिहास मंडळाने ठरवलं की या गाण्याची लोखंडी पाटी रस्त्याकडेला लावायची. कुठल्या घरासमोर, यावरून मंडळात दोन तट पडले. अध्यक्ष क्विलेन, शाळेतले निवृत्त संगीत शिक्षक, कोणाचं मन दुखवायची ताकद नसलेले गृहस्थ. त्यांनी तोडगा काढला: खुद्द वेंडल रॅटलिफलाच बोलवायचं. चर्चच्या पटांगणात सगळ्या गावाने जेवायचं आणि त्याने सगळ्यांसमोर सांगायचं की गाणं कोणावर आहे.

त्या सकाळी मी गेले तेव्हा आर्डिथ होबार्टच्या टायशी झटत होती.

"मी नाही आलो तर नाही का चालणार?" होबार्ट म्हणाला. "पायरीला तेल द्यायचं राहिलंय."

"तेल मेलं पळून जात नाही. अरे, सगळं गाव बघायला येणार, की त्या बिचाऱ्याला झिडकारून हिने शेवटी धरलं कोणाला! निदान अंघोळ केलेला तरी दिस."

"आणि तो नोव्हेलाचं नाव घेईल तर?" मी म्हणाले. मला राहवत नाही.

आर्डिथचा हात टायवर थांबला. "घेणार नाही," ती म्हणाली. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला माझ्याच जिभेचा राग आला.

पटांगणात लांबच लांब टेबलं मांडली होती. तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. नोव्हेला जांभळी टोपी घालून आली होती. टोपीवर एवढी पिसं की मागच्या रांगेला व्यासपीठ दिसेना. वेंडल आला तेव्हा आम्ही बघतच राहिलो. फोटोतला तो चमकत्या कोटाचा गडी कुठे आणि हा काठी टेकत आलेला म्हातारा कुठे! हातात गिटारऐवजी बायबल.

आमच्याकडच्या गायकांचं हे ठरलेलं आहे. तरुणपणी दारू आणि बाया, म्हातारपणी नदीत बुडी मारून बाप्तिस्मा. बाप्तिस्मा घेतला की मग चारचौघांत उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे केलेली सगळी पापं मोठ्याने सांगायची. वेंडलने आदल्याच वर्षी बुडी मारलेली, म्हणजे अजून ओला होता. क्विलेन साहेबांना हे कळायला हवं होतं.

"बंधूंनो, भगिनींनो," वेंडलने सुरुवात केली, "तुम्ही मला विचारताय, ते गाणं कोणावर आहे. चाळीस वर्षं मी प्रत्येक गावात वेगळी बाई सांगितली. डलासमध्ये डलासची, मेम्फिसमध्ये मेम्फिसची. ते गाव खूश, मी खूश. पण आता मी देवाचा माणूस आहे. खरं सांगतो. ती बाई मला माहीत नाही. कारण गाणं माझं नाहीच."

पटांगण असं चिडीचूप झालं की पुडिंगवरच्या माश्या ऐकू येत होत्या.

"ते मला पहिल्या सोमवारच्या बाजारात मिळालं. अदलाबदलीत."

पहिल्या सोमवारचा बाजार म्हणजे चाकूच्या बदल्यात घड्याळ, बंदुकीच्या बदल्यात खेचर असा बाजार. तिथला कायदा एकच: अदलाबदल झाली की झाली. दिलेल्या वस्तूचं पुन्हा नाव काढायचं नाही. आपण दिलेलं खेचर पुढे शर्यत जिंकलं तरी "ते माझं होतं हो" म्हणून जो रडतो, त्याला आमच्याकडे मेल्यावरसुद्धा हसतात.

"एक पोरगा आला," वेंडल म्हणाला. "माझ्याजवळ शिकारी कुत्री होती. तो तिच्याकडे बघत राहिला. बदल्यात काय देतोस म्हटलं, तर त्याच्याजवळ काहीच नव्हतं. मग म्हणाला, एक गाणं आहे. शब्द सांगितले, चाल शिट्टीवर वाजवली. मी कुत्री दिली. जाताना एवढंच म्हणाला, फार ओरडून म्हणू नकोस."

"त्या पोराचं नाव?" क्विलेन साहेबांचा आवाज चिरकला.

"बाजारात नाव कोण विचारतं? पण कुत्रीचं नाव मी मरेपर्यंत विसरणार नाही. जूनो."

आणि मग व्हायचं ते झालं. आमच्या काउंटीतल्या पुरुषांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, सासूचं नाव आठवत नाही. पण चाळीस वर्षांमागे कुठल्या कुत्रीने रात्रीच्या शिकारीत कुठल्या खिंडीत मांजराएवढा जंगली रॅकून पळवत झाडावर चढवला, ते कोणीही झोपेतून उठून सांगेल.

"जूनो!" ऑर्व्हिल हेन्सली ओरडला. नव्वदीचा म्हातारा, स्वतःच्या पायांवर धड उभा राहत नव्हता, तो ताडकन उठला. "डाव्या कानाला चीर होती ती?"

"तीच!" व्यासपीठावरून वेंडल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

"अरे, काय आवाज होता तिचा! दोन डोंगर पलीकडून कळायचं, रॅकून मेपलवर आहे की ओकवर!" असं म्हणून ऑर्व्हिलने मान वर करून जूनोसारखं लांब भुंकून दाखवलं. तिकडून दुसरा म्हातारा म्हणाला, "नाही नाही, शेवटाला जरा वर जायचा," आणि त्याने भुंकून दाखवलं. पाद्रीसाहेबांसमोर, चर्चच्या पटांगणात, चार म्हातारे कुत्रीसारखे भुंकत होते आणि बाकीचे माना डोलवत होते.

"पण जूनो तर होबार्टची ना?" कोणीतरी म्हणालं.

भुंकणं थांबलं. सगळ्या माना वळल्या. होबार्ट कोंबडीची तंगडी अर्धवट तोंडात धरून बसला होता. त्याने ती काढली, ताटात ठेवली, हात रुमालाला पुसले.

"चांगली कुत्री होती," तो म्हणाला.

त्यानंतर जो गलका झाला तो मला नीट सांगता येणार नाही. नोव्हेला तेवढी स्पष्ट ऐकू आली: "म्हणजे मी सिमेंट कशाला ओतलं?" पुरुषांत लगेच वाद पेटला, पण तो गाण्याचा नव्हता. या अदलाबदलीत फसलं कोण, हा होता. गाण्यावर वेंडलने बंगला बांधला हे सगळ्यांना मान्य होतं, तरी निम्म्यांहून जास्त म्हणाले की होबार्टच जिंकला, तसल्या आवाजाची कुत्री पुन्हा झाली नाही. पुढे आर्डिथच्या घरासमोर पाटी लागली तेव्हा तिच्यावर जूनोचंही नाव हवं म्हणून सह्या गोळा झाल्या, आणि ते नाव घालावं लागलं.

आर्डिथ मात्र उठली. तिचा चेहरा मला वाचता येईना. लहानपणापासून मी तिचा चेहरा वाचत आले आहे.

"होबार्ट," ती म्हणाली, "गाडी काढ."

पिकअपमध्ये एकच बाक. होबार्ट स्टिअरिंगशी, मधे आर्डिथ, खिडकीशी मी, कारण माझं घर वाटेत. गिरणीचं वळण आलं.

"कुत्री," आर्डिथ म्हणाली.

"हं."

"माझ्यावरचं गाणं देऊन तू कुत्री आणलीस."

"चांगली होती."

"ते आत्ताच अख्ख्या काउंटीने भुंकून सांगितलं मला! अरे मेल्या, चाळीस वर्षं मी त्या माणसाचा फोटो पुसला. दर शनिवारी काच पुसली. तू समोर बसून बघत होतास!"

"तू लग्नाआधीच बजावलं होतंस," होबार्ट म्हणाला. "म्हणालीस, एक माणूस माझ्यासाठी असं गाणं करून गेलाय, त्याची सर तुला यायची नाही, हे कबूल असेल तर कर लग्न."

"मग तेव्हा तोंड उघडायचंस!"

"अदलाबदलीत दिलेल्या गोष्टीचं नाव काढत नाहीत."

"खड्ड्यात गेला तुमचा बाजार!"

"आणि तू खूश होतीस," होबार्ट म्हणाला.

मी मुकाट्याने खिडकीबाहेरचं तंबाखूचं शेत बघत राहिले, आणि मी मुकाट्याने बसते म्हणजे प्रसंग गंभीर आहे.

"पण का दिलंस?" तिने हळू आवाजात विचारलं.

"तू वर बोलावशील असं वाटेना. कुत्री हाक मारली की येते तरी."

आर्डिथने पर्समधून रुमाल काढून नाक शिंकरलं. मग पुन्हा उसळली. "आणि दुसऱ्या कडव्यात मला दगडाची बाई म्हटलंयस! मी दगडाची?"

"ते वेंडलने घातलं. माझं 'दमलेली' होतं. शेवटचं कडवंही त्याने गाळलं. रेकॉर्डवर मावत नाही म्हणाला."

"शेवटचं कडवं?"

"चौथं."

"म्हण."

"मला गाता येत नाही."

"चाळीस वर्षं तुझं घोरणं ऐकलंय. म्हण."

होबार्टने गाडी तंबाखूच्या गोदामाशी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हटलं. गंजलेल्या बिजागरीचा आवाज. पण चाल तीच, आणि फार हळू, ओरडल्याशिवाय.

त्या कडव्यात पोरगा पायरीवर उभाच आहे. घराच्या आत कुठेतरी खुर्ची पडते. मुलगी दार पाठीने झाकते आणि मोठ्याने खोकते. पोरगा काही ऐकलंच नाही असं दाखवून पावसापाण्याचं बोलत राहतो.

आत आमचे बाबा असायचे. रविवारी संध्याकाळपर्यंत त्यांची बाटली संपलेली असायची आणि हाताला लागेल ते फेकलं जायचं. मी कोपऱ्यात त्यांचे बूट घट्ट धरून बसलेली असायचे, म्हणजे निदान ते तरी फेकायला मिळू नयेत. आर्डिथ दारात उभी राहायची. तिने कोणाला म्हणून वर बोलावलं नाही, कारण वर आलेल्याला आतलं दिसलं असतं. बाबांना आम्ही चर्चच्या दफनभूमीत मानाने पुरलं. गावात कोणाला कळलं नाही, याचं समाधान आम्ही दोघींनी जन्मभर जपलं होतं.

"तुला माहीत होतं?" आर्डिथ म्हणाली.

"खुर्ची पडली की तू खोकायचीस. तुला खोकला नव्हता."

"आणि तरी येत राहिलास? दर रविवारी?"

होबार्टने टोपीची कड फिरवली. "बाहेर कोणी उभं असलं की ते जरा गप्प बसायचे, असं मला वाटायचं. म्हणून जेवढं थांबता येईल तेवढं थांबायचो."

खरं होतं ते. होबार्ट असायचा तेवढा वेळ खुर्ची एकदाच पडायची. मला ते इतक्या वर्षांनी, त्या गाडीत बसून कळलं. आर्डिथला माझ्या आधी कळलं असावं, कारण ती रडत होती. गिरणीत बोटात सुई गेली तेव्हा जी रडली नव्हती, ती बाई टोपीवरचा त्याचा हात धरून रडत होती. होबार्ट समोरच्या काचेतून गोदामाकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

मग तिने डोळे पुसले.

"हे कडवं क्विलेनला सांगायचं नाही."

"बरं."

"वेंडललाही नाही. रेडिओला तर नाहीच. बाकीचं गाणं घ्या म्हणावं, सगळ्यांनी वाटून घ्या. हे माझं आहे."

"बरं."

"मीसुद्धा गाडीत आहे म्हटलं," मी म्हणाले.

"तू तोंड शिवून घे, ओना."

बाबांचं मी तुम्हाला सांगितलं, कारण ते माझेही बाबा होते आणि तेवढा माझा हक्क आहे. कडव्याचे शब्द मात्र मला विचारू नका.